दानिएलकाकांची वही

"अगं, हे गेले. आजच न्यायचंय." सकाळी रिबेकाकाकूंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. उलव्यात आमची दारं समोरासमोर, तरी काकूंनी फोन केला... दार उघडून सांगण्याचं बळ नसावं.

दानिएलकाका मूळचे उरणचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, बंदरात कारकुनी करून निवृत्त झालेले. वडिलांनी शिकवलेल्या मोडक्यातोडक्या हिब्रूच्या जोरावर ते प्राचीन इस्राएलची शोकगीतं मराठीत आणत होते. मी मराठीची शिक्षिका, म्हणून वही तपासायला माझ्याकडे येई. नऊ वर्षं! शहर जळालेल्या, देशोधडीला लागलेल्या माणसांची ती गाणी. मी एकदा 'हे प्रभो' सुचवलं तर काका उखडलेच. "मास्तरीणबाई, प्रभो नको. ही माणसं देवाशी भांडतायत. घरातल्या माणसाशी भांडतो ना, तसं पाहिजे." हट्टी माणूस. कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. झेरॉक्स काढा म्हटलं की, "पुरी तर होऊ दे, टेन्शन कसलं घेतेस?" जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी वही पुरी झाली. त्या दिवशी त्यांनी मजल्यावर सगळ्यांना गव्हाच्या चिकाचा हलवा वाटला.

देवाचं नाव असलेला जीर्ण कागद त्यांच्यात रद्दीत टाकत नाहीत, पुरतात. कुणी जाणतं माणूस गेलं तर त्याच्या कबरीतही ठेवतात. त्या सकाळी प्रार्थनालयातून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "घरात फाटकी प्रार्थनापुस्तकं असतील तर द्या, यांच्यासोबत ठेवू." काकू सुन्न बसलेल्या. मला घर ठाऊक. कपाटाच्या खालच्या खणातलं जुन्या प्रार्थनापुस्तकांचं पांढरं गाठोडं मीच पुढे होऊन दिलं. गाठ सोडून पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या पवित्र वस्तूंना आपण कशाला हात लावावा, असं वाटलं. काय जाळायची आहे असली सभ्यता!

आठ दिवसांनी वही शोधू लागले. टेबल, ट्रंक, माळा... शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "पुरी झाल्यावर ती त्यांनी त्या गाठोड्यातच ठेवलेली गं. देवाचं नाव हिच्यातपण आहेच ना, म्हणाले." कबर पुन्हा उघडत नाहीत. तसं विचारायचीसुद्धा मला लाज वाटली. एका माणसाचं नऊ वर्षांचं काम मी माझ्या हातांनी मातीत घातलं, आणि याला माझ्यापाशी तरी क्षमा नाही.

काकू मला एका शब्दाने बोलत नाहीत, हेच सहन होत नाही. परवा महिन्याची प्रार्थना झाली, माणसं पांगली, आम्ही दोघीच उरलो. त्या म्हणाल्या, "त्यांचं एखादं म्हण ना. तू इतक्यांदा वाचलंयस, तुला पाठ असेल." मी डोळे मिटून खूप आठवलं. कुठला शब्द लाल पेनाने खोडला, कुठे प्रश्नचिन्ह केलं, कुठल्या पानावर 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला, सगळं आठवलं. त्यांची एक ओळ आठवली नाही. काकू मांडीवर हात ठेवून ऐकायला बसल्या होत्या.