दाणाभर ढिली पेटी

क्योतोतल्या आमच्या गल्लीत किवासानइतकी हट्टी बाई दुसरी नाही. शेजारीण म्हणून मी छत्तीस वर्षं तिला सोसते आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला मानतेही.

ती लाकडी पेट्या करते. जुनी चिनी वस्तू कितीही सुंदर असो, आमच्याकडे पाहुणे आधी ती ज्या पेटीत असते तिच्या झाकणावरचं जुन्या जाणकाराचं हस्ताक्षर बघतात. म्हणून पेटी जीर्ण झाली तरी टाकायची नाही, तिच्यावर बाहेरून दुसरी चढवायची. ते काम किवासानचं.

गेल्या शरदात टेकडीवरच्या मठाची धुपाची तांबडी डबी तिच्याकडे आली. लाखेचे शंभरेक थर चढवून, मग त्यांत कमळं कोरलेली, शेकडो वर्षांपूर्वी चीनहून जहाजाने आलेली. किवासानने ती जुन्या पेटीत ठेवून हलवून पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. डबी तांदळाच्या दाण्याएवढी सरकत होती. पेटी वस्तूच्या मापाने करतात. ढिली असेल, तर आतली वस्तू तिची नव्हे.

तिला सगळं आठवलं. एकोणीस वर्षांची असताना वडिलांच्या कारखान्यात अशाच दोन डब्या एकदम आल्या होत्या, एक मठाची आणि एक सुगितानी घराण्याची. रेशमात गुंडाळून, पेट्यांत भरून दोऱ्या तिनेच बांधल्या होत्या, आणि अदलाबदल तेव्हाच झाली. तेव्हापासून बेचाळीस वर्षं दोन्हीकडे दुसऱ्याची डबी आपली म्हणून मिरवली जात होती.

मी तिला म्हटलं, गप्प बस. हे बाहेर आलं तर पुन्हा कुणी तुझ्या हाती जुनी वस्तू देणार नाही. तिने माझ्याकडचा चहाही संपवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मठाची डबी आणि सुगितानीबाईंना त्यांच्या डबी-पेटीसकट घेऊन ती मठात गेली. मी मागोमाग गेलेच.

सुगितानींच्या पेटीतली डबी इतकी दाटून बसली होती की ओढून काढावी लागली. पेट्या बदलल्या, तशा दोन्ही डब्या नेमक्या बसल्या. मठाधिपती रयोगेन भला माणूस, त्यांनीच तिला वाट काढून दिली.

"वडिलांच्या हातून झालं असेल. आता ते नाहीत. सोडून द्या, किवासान."

"दोऱ्या मी बांधल्या होत्या, महाराज. वडील गेले म्हणून माझी चूक त्यांच्या नावावर खपवू का?"

सुगितानीबाई नव्वदीच्या. इतकी वर्षं सांभाळलेली डबी त्यांनी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाल्या, "हिला एकदा पुसून देते, मग ठेवून घ्या."

किवासान चटईला कपाळ टेकून बसली होती. आता आपलं काम सुटलं, हे ती धरूनच चालली होती. मठाधिपतींनी कोठाराची किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"आत अजून एकतीस पेट्या आहेत," ते म्हणाले. "त्याही तुम्हीच हलवून बघा."