खोबणीसाठी भांडणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. मालती केळुसकर यांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यातून. तुर्भ्याच्या आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. टेबलावर डोळ्याची रिकामी खोबण दुरुस्त करून घ्यायला आलेला एक कामगार होता, त्याला मी 'खोबणीवाला पेशंट' म्हटलं. बाईंनी त्याचं नाव विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. मी ते विचारून येईपर्यंत त्यांनी हातमोजे घातले नाहीत.

गौरव समितीने मला या गौरवग्रंथासाठी बाईंच्या प्रेमळ स्वभावाविषयी चार गोड शब्द लिहायला सांगितले आहेत. गोड शब्द इतरांनी लिहिले असतीलच. मला राग आला आहे, आणि बाईंच्या साठीच्या समारंभात तो गिळून हसतमुख बसणं मला जमणार नाही. बाई या महिन्यात निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याबरोबर खोबणीच्या शस्त्रक्रियाही बंद करायचं आमच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं आहे. कारण काय, तर या शस्त्रक्रियांनी दृष्टी परत येत नाही. कृत्रिम डोळा बसावा म्हणून खोबण दुरुस्त करणं हे म्हणे शोभेचं काम. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पावणे गावच्या सुगंधा नावाच्या मुलीबद्दल मी लिहिते, म्हणजे शोभा कशाला म्हणतात ते कळेल. आठ वर्षांची असताना विटी लागून तिचा डावा डोळा गेला. ज्या डॉक्टरांनी तो काढला, त्यांनी खोबणीत साधी प्लॅस्टिकची वाटीही ठेवली नाही. वाटी नसली की खोबण आक्रसत जाते आणि पुढे तीत कृत्रिम डोळा टिकत नाही. आईला त्यांनी सांगितलं, मुलगी आहे, लग्नाच्या वेळी डोळा बसवू. त्या शब्दावर आईने अकरा वर्षं काढली. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी मात्र सुगंधालाच विचारलं, तुला डोळा कशासाठी हवा आहे? टेलिफोन बूथवर तिला काम मिळत होतं, पण मालकाला गिऱ्हाइकांपासून तोंड लपवणारी मुलगी नको होती. ती जमिनीकडे बघतच म्हणाली, "मना समोर बगून बोलाचा हाय."

बाईंनी तिच्या ओठाच्या आतलं नाजूक अस्तर काढून खोबणीत शिवलं, वाटी बसवली आणि पापण्या काही आठवडे टाक्यांनी मिटून ठेवल्या. जखम भरल्यावर कृत्रिम डोळा बसला. त्या दिवशी सुगंधा आरशापुढून हलायला तयार नव्हती.

दोन महिन्यांनी मायलेकी परत आल्या. डोळा आत जातच नव्हता. घरी गेल्यागेल्या आईने तो काढून, कापसात गुंडाळून, नथीच्या डबीत ठेवला होता. रोज घातला आणि धुराने, धुळीने खराब झाला, तर पाहुणे बघायला येतील तेव्हा काय घालायचं, असा तिचा हिशेब. पाहुणे आले, डबी उघडली, आणि खोबण पुन्हा आक्रसलेली. बूथचं कामही लांबलं. मी आईवर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

बाईंनी मला थांबवलं. यांना घरी पाठवताना काय सांगितलं होतं, असं विचारलं. मी नेहमीचा छापील कागद पुढे केला. तो इंग्रजीत होता. डोळा सतत घालून ठेवायचा, हे त्यात कुठेतरी खाली होतं. बाई खुर्ची ओढून आईसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे, मावशी. मुलीला परत टेबलावर घ्यावं लागेल."

मला तेव्हा बाईंचाही राग आला होता. वाटी न ठेवणारे मोकळे, आणि माफी आम्ही मागायची! मायलेकी गेल्यावर बाईंनी दार लावून मला जे सुनावलं, ते या ग्रंथात छापण्याजोगं नाही. मग त्या पहिल्या डॉक्टरांना फोन लावून त्यांनाही सोडलं नाही. बाईंचा राग मी पुष्कळदा सोसला आहे, पण तो रुग्णावर निघालेला एकदाही पाहिला नाही. मला ते अजून पुरतं साधलेलं नाही.

दुसऱ्या वेळी गालाच्या आतलं अस्तर घ्यावं लागलं. सुगंधाने पुन्हा सगळं सोसलं. डोळा बसला तरी बाईंनी त्यांना घरी सोडलं नाही. आईने आपल्या हाताने तो काढायचा, धुवायचा, परत बसवायचा. बाईंनी तिची नखं स्वतः कापून दिली. पहिल्या दिवशी डोळा दोनदा तिच्या हातून निसटला. चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं, पाहुणे नसतील तेव्हा डोळा कुठे ठेवायचा? आई म्हणाली, "त्याच्याच जागेवर. तिचा डोला हाय तो."

त्यानंतर आमचा कागद मराठीत आला, आणि घरच्या माणसाने करून दाखवल्याशिवाय आम्ही कुणाला घरी सोडत नाही. सुगंधा बूथवर बसते. विश्वस्तांपैकी कुणीही तिथे जाऊन एक फोन करावा, आणि 'शोभेचं काम' हे शब्द तिच्या तोंडावर उच्चारून दाखवावेत.

डॉक्टर, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आपले हात असेच स्थिर राहोत, आणि आपला राग तर मुळीच निवू नये. आता आराम करा, असं मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी खोबणीच्या तीन शस्त्रक्रिया ठरलेल्या आहेत. त्या रद्द झाल्याचं रुग्णांना कळवा, असं पत्र मंडळाने मला दिलं आहे. मी कुणालाही कळवलेलं नाही. सकाळी आठ वाजता टेबल तयार असेल. आपण या.