निमगोरा

"चला, आत सरका, आत जागा आहे!"

आमच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये हे वाक्य ऐकलं तेव्हा मी काउंटरवरून दचकून वर पाहिलं. दारात खाकी कपड्यातला एक कंडक्टर उभा होता आणि त्याच्या हुकमावरून बाकड्यावरच्या सगळ्या बायका मुकाट्याने एकमेकींना चिकटून बसत होत्या. कोणाला जागा करून द्यायची होती, तर कोणालाच नाही. ही गाडी नव्हे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो ओशाळला. "सवय हो ताई," असं मला म्हणाला आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला.

मी नाशिकात अशोकस्तंभाजवळच्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. अशा दवाखान्यात तुम्ही कधी बसला असाल तर पाहिलं असेल, माणसं तिथे एकमेकांकडे बघत नाहीत. मोबाइल तरी बघतात, नाहीतर भिंतीवरच्या जाहिरातीतल्या गुळगुळीत बाईकडे बघतात. हा कंडक्टर त्या बाईकडे फार वेळ बघायचा. मग घड्याळ बघायचा, मग मला विचारायचा, "ताई, कितवा नंबर चालू हाय?" उत्तर दिलं की दोन मिनिटांत पुन्हा तेच. मला खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात त्याचा रागच यायचा.

माणूस तिशीचा, उंच, सावळा. नुसता सावळा नाही, चांगला गडद. दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे, आणि खड्ड्यांच्या मधल्या जागेत काळे डाग. शाळेत असल्यापासून त्याने पुटकुळ्या फोडल्या होत्या. नंतर कोणा मित्राने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. ती लावल्यावर महिनाभर तोंड उजळलं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ट्यूब बंद करताच सगळं दुपटीने उसळून वर आलं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची हीच कहाणी असते. ट्यूबचं नाव तेवढं वेगळं असतं.

पण हा इतक्या वर्षांनी आत्ताच का आला, ते त्याने मला एका दुपारी सांगितलं. त्याची गाडी नाशिक ते येवला. मधल्या सुटीत डबा खायचा सोडून तो इकडे यायचा. मोबाइल काढून त्याने मला एक फोटो दाखवला. निळा ब्लेझर घातलेला, लोण्यासारख्या गालांचा कोणी एक गोरटेला माणूस.

"कोण हो हा?" मी विचारलं.

"मी."

मी फोटो पाहिला, त्याला पाहिलं. हसू दाबायला मला पाणी प्यावं लागलं.

झालं होतं असं. त्याच्या थोरल्या बहिणीने त्याचं लग्न जमवायचं मनावर घेतलं होतं. ती त्याला पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओत घेऊन गेली. तिथल्या पोराने न विचारताच खड्डे बुजवले, डाग पुसले, रंग उजळला. तो सगळ्यांचंच तसं करतो. बहिणीने तो फोटो बायोडाटावर चिकटवला आणि 'वर्ण' या शब्दापुढे 'निमगोरा' असं लिहून टाकलं. असे बायोडाटा तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आले असतील. आपल्याकडच्या सगळ्या उपवर मुलांची उंची आणि रंग थोडा थोडा वाढवलेलाच असतो.

गंमत इथवरच होती. चांदवडच्या एका मुलीकडून होकार आला. मुलगी अंगणवाडीत शिकवणारी, घर शेतकऱ्याचं, माणसं साधी. "एकदा घरी या, समोरासमोर बघणं होऊ द्या," असा निरोप आला आणि हा माणूस हादरला.

"तिनं ह्याला हो म्हटलंय ताई," फोटोवर बोट ठेवून तो म्हणाला. "मला नाय. मी दारात उभा राहिलो तर विचारतील, नवरदेव कुठंय?"

"मग खरा फोटो पाठवा."

"आन् नाय म्हणाली तर?"

त्याला ती मुलगी हवी होती. तिने पाठवलेल्या फोटोत ती मुलांच्या घोळक्यात उन्हामुळे डोळे बारीक करून उभी होती, आणि तो फोटो तो अगदी जपून उघडायचा.

आमच्या डॉक्टर मॅडम शांत बाई. आवाज चढवत नाहीत. त्यांनी भिंग लावून त्याचा गाल पाहिला आणि समजावलं, मी दारातून ऐकत होते. "डाग वेगळे आणि खड्डे वेगळे. डाग हा नुसता रंग आहे, तो औषधाने आणि उन्हापासून जपल्याने हळूहळू उतरेल. खड्डे कातडीच्या आत आहेत, त्यांना आतून भरावं लागेल. आणि तुमची कातडी सावळी आहे. अशा कातडीला जरा जास्त इजा झाली की ती तिथे आणखी काळी पडते. म्हणून आधी चालू पुटकुळ्या थांबवू, मग बारीक सुयांच्या मशिनने, मध्ये महिन्या-महिन्याचं अंतर ठेवून काम करू."

"मॅडम, लेझरनं थेट नाय का होत? विनाथांबा?"

"लेझर वाईट नाही. पण कोणतं, किती जोराचं आणि कोणत्या रंगावर, हे बघावं लागतं. तुम्हाला मी आधी ते देणार नाही."

त्याने लगेच मोबाइलवर एक रील लावून पुढे केली. एकाच बैठकीत एका माणसाचा गाल काचेसारखा झाला होता. मॅडमनी ती पूर्ण बघितली. "हे कोरियाचे आहेत," त्या म्हणाल्या, "तुम्ही निफाडचे."

सौम्य पील, म्हणजे कातडीचा वरचा थर हलका सोलणारं औषध, द्यायचं ठरलं, पण मॅडमनी आधी ते कानाच्या खाली, जबड्याच्या आड, नखाएवढ्या जागेवर लावलं. तिथे कातडी काळवंडते का हे काही आठवडे बघायचं, मग पुढे. झालं, त्या आठवड्यांत त्याने मला वेड लावलं. येता-जाता दारात उभा राहून मान वाकडी करायचा. "ताई, बघा, काळं पडलंय का?" मी म्हणायची, "नाही पडलं." "नीट बघा ना." पेशंट आत असताना, फोनवर मी बोलत असताना, एकदा तर मी जेवत असताना तो कान पुढे करून उभा होता. मी चमच्यानेच त्याला बाहेरची वाट दाखवली.

तिकडे चांदवडचा निरोप दर पंधरवड्याला यायचा. हा टाळायचा. आधी आषाढीच्या यात्रेची जादा ड्युटी लागली. मग गाडीवरचा जोडीदार आजारी पडला. मग पितृपक्ष आला, तेव्हा तर त्याला इतका आनंद झाला की मला बाई लाज वाटली. चांदवड रस्त्याच्या गाडीवर आपली ड्युटी लागू नये म्हणून तो डेपोत सगळ्यांच्या हातापाया पडायचा. तिकडचं कोणी आपल्याला या तोंडाने बघू नये, एवढाच त्याचा हट्ट होता.

"अहो, जाऊन तरी या एकदा," मी म्हणायची.

"थोडं भरू द्या ना ताई. थोडं भरलं की लगेच जातो."

खड्डे म्हणजे काय रस्त्यातले खड्डे आहेत, ठेकेदाराला सांगून एका रात्रीत बुजवायला! पण त्याला कोण सांगणार. सुयांच्या पहिल्या बैठकीनंतर तोंड चार दिवस लाल राहिलं आणि नंतर होतं तसंच दिसू लागलं. मॅडम म्हणाल्या, असंच असतं, तिसऱ्या-चौथ्यानंतर फरक दिसेल. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि नंतरच्या तारखेला आला नाही.

आला तो दिवाळीच्या तोंडावर, नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल बांधून. रुमाल सोडला तेव्हा माझ्या हातातलं पेन खाली पडलं. दोन्ही गालांवर चौकोनी काळे पट्टे. कॉलेज रोडच्या बाजूला नव्याने निघालेल्या कुठल्याशा ठिकाणी 'लग्नसराई स्पेशल' म्हणून लेझरची ऑफर होती. तिथे त्याला ना कोणी रंगाबद्दल विचारलं, ना कानाखाली लावून बघितलं. पूर्ण जोराने मशिन फिरवलं. दुसऱ्या दिवशी हा उन्हात ड्युटीवर. मॅडमनी पाच महिन्यांत जे सांगितलं त्यातलं त्याने एका दुपारी सगळं उलटं केलं होतं.

मला इतका संताप आला की मी बोललेच. "निमगोरा व्हायचं होतं ना? झालात?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला आणखीच राग आला, पण तो आता त्याच्यावर नव्हता. त्या स्टुडिओतल्या पोरावर होता, त्या ऑफरवाल्यांवर होता, आणि बायोडाटात रंगाचा रकाना ज्याने कोणी पहिल्यांदा घातला त्याच्यावर होता.

मॅडम रागावल्या नाहीत. "आधी हे उतरवू," एवढंच म्हणाल्या. "मग पुन्हा खड्ड्यांकडे वळू. वेळ लागेल." मलम, उन्हाचं क्रीम, डोक्यावर टोपी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी मात्र त्याने अगदी शहाण्या मुलासारखं केलं. गाडी थांबली की सावलीत उभा राहायचा. क्रीमचा थर इतका लावायचा की प्रवासी हसायचे, तरी लावायचा. चांदवडला त्याने कळवून टाकलं की उन्हाळ्यात नक्की येतो.

आणि सांगायला बरं वाटतं, गुण आला. पट्टे फिकट होत होत गेले. सुयांच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या आणि खड्ड्यांच्या कडा बसत चालल्या. रंग होता तोच राहिला, गडद सावळा, पण एकसारखा, निरोगी. मी एकदा त्याला म्हटलं, "आता दिसता खरे राजबिंडे." तो इतका खूश झाला की पेढे घेऊन आला. म्हणाला, येत्या रविवारी बहिणीला घेऊन चांदवडला जातो.

रविवारनंतर तो बरेच दिवस फिरकला नाही. मग एका सकाळी, नंबर नसताना आला. वेटिंग रूममध्ये कोणी नव्हतं. मी हसून विचारलं, "काय, साखरपुड्याची तारीख काढली का?"

"तिचं जमलं ताई. गेल्या महिन्यातच. मनमाडचा मुलगा हाय."

"फोटो खोटा होता हे कळलं का त्यांना? म्हणून मोडलं?" मी विचारलं.

त्याने नाही अशी मान हलवली. मग त्याने सांगितलं ते असं. रविवारी येतो असं कळवल्यावर तिचा थोरला भाऊच त्याला स्टँडवर येऊन भेटला होता. भांडायला नाही, चांगला चहा पाजला त्याने. म्हणाला, तुम्ही दर वेळी टाळत राहिलात, आम्हाला वाटलं तुमच्याच मनात नाही. किती दिवस थांबायचं? आणि जाता जाता म्हणाला, आमच्या बहिणीने तर तुम्हाला बघूनच होकार दिला होता.

आपल्याकडे मुलाची चौकशी कशी करतात ते तुम्हाला माहीत आहे. शेजारी विचारतात, डेपोत विचारतात. या भावाने डेपोत विचारून गाडीची वेळ काढली होती. आणि बायोडाटा आल्यावर, होकार कळवायच्या आधी, ती मुलगी मावशीला घेऊन नाशिकला आली आणि त्याच्या येवला गाडीत बसून थेट येवल्यापर्यंत गेली. तिकीट काढून. आणि हा त्यानंतर चांदवडच्या रस्त्यावर जायला घाबरत राहिला.

"काय म्हणाली म्हणे ती?" मी विचारलं.

"म्हणाली, फोटोत लय पावडर फासल्यासारखा वाटतो, खरा बरा हाय." त्याने खांद्यावरची बॅग सावरली. "गाडीत गर्दी व्हती म्हणे. एका बाईचं बाळ मी विंचूरपर्यंत कडेवर घेऊन तिकिटं काढली. ते तिनं बघितलं. मला तर ते बाळ पण आठवत नाय."

खालून रिक्षांचे आवाज येत होते. तो काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"मी तिला तिकीट दिलं असंल ना ताई? सुट्टे दिले असतील. येवला का म्हणून विचारलं असंल. लय आठवून बघितलं. पण मी कुणाच्या तोंडाकडं बघतच नाय वो. आपण बघितलं की समोरचा बी बघतो. मशिनमध्ये बघायचं, तिकीट द्यायचं, पुढं जायचं. इतकी वर्षं तसंच चाललंय." मग अगदी हळू म्हणाला, "तिनं मला बघितलं. मी तिला बघितलंच नाय."

मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते? मॅडम आत आल्या होत्या, त्यांनी बोलावलं, पण तो म्हणाला, आज नको, गाडीची वेळ झाली.

त्यानंतर तो आला नाही. त्याच्या दोन बैठका बाकी होत्या. मी फोन केला तर मागे गाडीचा आवाज होता. "येतो ताई, येतो," म्हणाला. मॅडम अधूनमधून विचारायच्या, आपले कंडक्टर कुठे गेले? मी सांगायची, ड्युटी असेल.

परवा माझी नणंद आली होती. तिचं माहेरपण संपवून ती येवल्याला परत गेली आणि पोचल्यावर तिने फोन केला. गाडीत जागा मिळाली का, वगैरे मी विचारत होते. ती म्हणाली, "अगं, कंडक्टर मोठा विचित्र होता. तिकीट देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघतो. आधी मला अवघडल्यासारखं झालं. पण नजर वाईट नव्हती. कोणाला तरी ओळखायचा प्रयत्न करतोय, तसा बघायचा."

मी विचारलं, "उंच होता का? सावळा? गालावर खड्डे?"



"उंच होता," ती म्हणाली. "खड्डे असतील बाई. मला नाही दिसले."