चौथ्यांदा विचारायचं

आमच्या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि ते चौदाच्या चौदा आमच्या घरमालकांच्या घशात राहतात. मी फक्त त्यांच्या वरच्या खोलीत राहते. त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. प्रवाशाने 'एक द्या' म्हटलं की गावाचं नाव यायच्या आत तो कुठे उतरणार हे आपल्याला कळायचं, असं ते सांगतात आणि मला ते खरं वाटतं. निवृत्तीनंतर त्यांची गाडी सुटली, प्रवासी मात्र उतरले नाहीत. दूधवाल्याशी ते एका गावचे होऊन बोलतात, गॅसवाल्याशी दुसऱ्या. घरात भांडायचं झालं तर श्रीगोंद्याचा बागायतदार पुढे करतात. काकूंनाही सवय झाली आहे. त्या शांतपणे म्हणतात, "त्या बागायतदाराला म्हणावं, पीठ संपलंय, गिरणीत जाऊन या."

मी इथे नगरला एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्या हाती आली, आणि त्यासाठी ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांना मी विसरलेली नाही. पण दिवसभर उभं राहून शिकवल्यावर संध्याकाळी घरी यावं आणि जिन्यात एखाद्या अनोळखी आजाऱ्याने "बाई, डागदर हायेत का?" म्हणून वाट अडवावी, म्हणजे कृतज्ञ राहायलाही त्राण उरत नाही. तो आजारी म्हणजे अर्थात घरमालक. उद्याची तालीम चालू असते.

यात चूक माझीच आहे. मुलींना वॉर्डात पाठवण्याआधी पेशंटशी बोलायचा सराव द्यावा लागतो. एक मुलगी पेशंट होते, दुसरी नर्स, आणि दोघी हसत सुटतात. आमचे घरमालक बरे पेशंट होतील, असं मी एकदा प्राचार्यांना बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ते चप्पल काढून, चादर गळ्यापर्यंत ओढून कॉटवर पडलेले होते. तेव्हापासून दर गुरुवारी ते आजारी पडतात. श्रीरामपूरचे व्यापारी झाले की नर्सने विचारलेलं ऐकूनच घेत नाहीत, कानाला मोबाईल लावून "दोन मिनिटं हां सिस्टर" म्हणत कापसाचा भाव विचारतात. बागायतदार झाले की आधी उसाची लागण सांगतात, मग खोडवं, आणि पोटात दुखतं हे सांगेपर्यंत तास संपतो. एकदा एका मुलीने घाईने विचारलं, "बाबा, नेमका त्रास काय आहे?" ते म्हणाले, "तुमी कोनाच्या? गाव कंचं? त्याबिगर कसं सांगावं?" ती मुलगी रडवेली झाली. मी तास संपल्यावर त्यांना जरा बोलले, तर म्हणाले, "ताई, बोली घशात नसती. मानूस आधी काय सांगतो आन् काय दडवून ठेवतो, तिथं असती."

त्यांची सगळ्यात अवघड भूमिका म्हणजे आमच्या पाथर्डीकडची ऊसतोडीला जाणारी बाई. ते डोक्यावर टॉवेलाचा पदर घेत, भिंतीकडे तोंड करून बसत, आणि काहीही विचारलं की "बरं हाय" म्हणत. एका मुलीने तीनदा विचारलं, तीनदा 'बरं हाय' लिहून घेतलं आणि ती उठली. तेव्हा पदराआडून आवाज आला, "मेले मी, सिस्टर. चौथ्यांदा इचारलं असतं तर वाचले असते." मुली हसल्या. मीही हसले. माझी आई बरीच वर्षं ऊसतोडीला जात होती आणि तीही असंच बोलते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे चार दिवस राहायला आली. ती मला थकलेली दिसली. डबा भरता भरता मी विचारलं, "आई, काही त्रास होतोय का तुला?" ती म्हणाली, "बरं हाय." मी कॉलेजला गेले.

घरमालकांनी आईचा पहिला शब्द ऐकला आणि त्यांना राहवलं नाही. ते तिच्या बोलीत शिरले. आपल्याकडे गाव विचारल्याशिवाय बोलणं पुढे जात नाही, तसं तिने विचारलं. त्यांनी कंडक्टरकीतल्या आठवणीतून एक गाव ठोकून दिलं. ते नेमकं आईचं माहेर निघालं. झालं, ते दादा झाले. माहेरच्या भावाला चहा झाला, सुपारी झाली, मी संध्याकाळी ऐकून कपाळाला हात लावला. "आता खरं सांगून टाका," असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "कसं सांगू? भाऊ मानलंय तिनं."

तिसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा ते फाटकाशी उभे होते. म्हणाले, "ताई, तुमच्या आईला जिना चढताना छातीत दुखतंय. महिना झाला. लेकीला सांगू नको म्हणून तिने माझ्याकडून शब्द घेतलाय, तो मी मोडतोय. आत्ता दवाखान्यात न्या."

त्या बोलण्यात कुठलाच तालुका नव्हता. हा त्यांचा स्वतःचा आवाज होता, आणि इतकी वर्षं वरच्या खोलीत राहून मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

आईच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. उपचार झाले, ती उठून बसायला लागली, तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, "आई, ते काही तुझ्या माहेरचे नाहीत."

"मला काय येडी समजलीस व्हय? त्यांनी सांगितलं त्या आडनावाचं तिथं एकबी घर न्हाई."

"मग दुखणं त्यांना कसं सांगितलंस?"

"तो पायरीवर बसला माज्यासंगं. पुन्यांदा पुन्यांदा इचारीत बसला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू डबा भरीत हुतीस."

घरमालक अजून दर गुरुवारी आजारी पडतात. हल्ली दम लागतो, म्हणून व्यापाऱ्याचे फोन त्यांनी कमी केलेत. ऊसतोडीच्या बाईचं काम मात्र ते करत नाहीत. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, "ती आता घरची हाय." भाऊबीजेला आई त्यांना ओवाळून गेली. दोघंही काही कळू देत नाहीत.

मी आता रोज संध्याकाळी आईला फोन करते आणि एकच गोष्ट चार वेळा विचारते. परवा मनात आलं, तिच्याच बोलीत विचारावं. लहानपणी मीही तीच बोलत होते. म्हटलं, "आये, बरं हाय का गं? लई दम लागतोय का?"

पलीकडे आई हसली.

"व्हय गं," ती म्हणाली, "दादाची नक्कल चांगली करतीस."