मिलिंदला दिलेलं कार्ड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या मिलिंदला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. नोकरी ऑफिसातली, पण आमच्या भागात माझी ओळख वेगळीच — कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस. जुने पार्ट्स घ्यायचे, वापरायचे, ओळखीत विकायचे, हा माझा शौक. संजूच्या हातची वस्तू डोळे झाकून घ्यावी, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. फारच आवडायचं.

मिलिंद माझा कॉलेजपासूनचा मित्र. बदलापूरला बेलवलीत राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्या कामाला कॉम्प्युटरमध्ये चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्याचं जळलं आणि त्याने मला फोन केला. माझ्याकडे एक होतं. आता — ते कसं होतं?

बाद होतं. पडद्यावर नुसत्या रेघा. मी ते उल्हासनगरला एका कारागिराकडे नेलं होतं. त्याने चिपला गरम हवेचा शेक दिला, चित्र आलं. म्हणाला, "चल तो गया, पर भरोसा मत रखना. जल्दी निकाल दो." मी नीट ऐकलं. आणि त्याच आठवड्यात कार्ड मिलिंदला दिलं. शेकाबद्दल बोललो नाही. त्यानेही काही विचारलं नाही — मित्राला काय विचारायचं?

पण सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर कधीतरी चहा पिता पिता हसत सांगूनही टाकलं असतं.

जुन्या पार्ट्समध्ये एक पद्धत असते. विकणारा स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतो, म्हणजे कुणी वस्तू खोलली किंवा बदलली तर कळतं. मी दोन लावायचो, बायकोच्या बाटलीतले, एक मोठा आणि एक छोटा. मिलिंदच्या कार्डावरही लावले होते.

महिनाभराने एका रविवारी सकाळी तो ते कार्ड घेऊन आला. भांडायला नव्हता आला. "संजू, रेघा यायला लागल्या रे. तूच बघ काय ते." नेमके तेव्हा सोसायटीतले दोघे माझ्याकडे बसले होते, लॅपटॉप कुठला घ्यावा ते विचारायला. त्यांच्यासमोर माझी वस्तू बाद निघाली. मी कार्ड उलटं केलं. दोन्ही ठिपके जागच्या जागी होते. आणि मी म्हणालो, "हे माझं कार्ड नाही. ही खूण माझी नाही."

का म्हणालो? लाज वाटली, चिडलो — कारणं शोधली तर सापडतील. ती मी देणार नाही.

मिलिंदने त्या ठिपक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. संजू म्हणतोय म्हणजे असेलच. तो एवढंच म्हणाला, "मग बदललं कोणी? घरात तर मी नि सिद्धू."

सिद्धू त्याचा धाकटा भाऊ. एमआयडीसीत कामाला, सुट्टीला भावाच्या मशीनवर गेम खेळणारा. आई-वडील गेल्यावर मिलिंदनेच त्याला सांभाळलं होतं. मी तिथे गप्प बसू शकलो असतो. कारागिरावर, विजेवर, कशावरही ढकलू शकलो असतो. मी म्हणालो, "सिद्धू खोलतो ना मशीन?"

हे. हे सांगायचं होतं. पण हे इथेच थांबलं का? नाही.

दुपारी मिलिंद मला बेलवलीला घेऊन गेला. सिद्धू जेवत होता. चांगलं कार्ड काढून विकलंस का, असं मिलिंदने विचारलं तसा तो आधी हसला, त्याला थट्टाच वाटली. मग म्हणाला, "दादा, आईशप्पथ, मी हात पण नाय लावला." मिलिंद ऐकेना. तेव्हा सिद्धू माझ्याकडे वळला. "संजूदादा, तुम्ही तरी सांगा ना याला." माझ्याबद्दल त्याला खात्री होती. मी काय सांगितलं? "खूण माझी नाही, एवढंच मला माहीत."

त्याच आठवड्यात सिद्धू घरातून गेला. अंबरनाथला खोली घेतली, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. चार वर्षं झाली, दोघे भाऊ बोलत नाहीत. मिलिंद माझ्याकडे येतो, माझा हात धरून म्हणतो, "सख्ख्या भावाने दगा दिला यार. तू होतास म्हणून कळलं." आणि मी त्याला जेवून जा म्हणतो.

मागच्या वर्षी सिद्धूचं लग्न ठरलं. मला पत्रिका द्यायला तो घरी आला, सोबत मिलिंदसाठीही एक पत्रिका होती. म्हणाला, "मी गेलो तर दार उघडणार नाही तो. तुमचं ऐकेल. त्याला म्हणावं, मीच बदललं कार्ड. चुकलो. काय बोलायचं ते बोल, पण ये." न केलेल्या गोष्टीची माफी मागत होता तो — माझ्याकडे, माझ्याच घरात बसून.

मी पत्रिका ठेवून घेतली. भाऊ भेटले असते तर बोलले असते. बोलले असते तर मी उरलो नसतो. म्हणून ती दिली नाही.

विहारात लग्न लागलं, तेव्हा सिद्धूने पुढच्या एका खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. मला विचारलं, "येतोय ना दादा?" मी सांगितलं, "नाही म्हणाला."

लग्नाचं मिलिंदला बाहेरून कळलं. तो त्या संध्याकाळी माझ्याकडे आला आणि रडला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "साधी पत्रिकापण नाही पाठवली रे त्याने," तो म्हणाला.

मी म्हणालो, "सोड, जाऊ दे." पत्रिका त्याच्या पाठीमागच्याच कपाटात होती.