मोहाखालचा निरोप

सुपेल्याच्या बाजारात कोणी मोहफुलं घेऊन बसलं, की तो गोड, आंबूस वास येतो आणि मी मान खाली घालून पुढं निघते.

तेव्हा इथं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. क्वार्टरांसाठी चराईचं रान मोकळं करणाऱ्या टोळीत माझे मालक होते. तिथल्या म्हाताऱ्या मोहाखाली गाई गळलेली फुलं खात आणि त्यांच्या खुरांशी उडणारे किडे टिपायला वरच्या साळुंक्या उतरत. आमच्या गावच्या रीतीनं, झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी मी बुंध्याला कुंकू लावलं, हात जोडले. "पाखरांनो, आमाले माफ करजा. उद्या दुसऱ्या झाडावर जाजा."

सकाळी झाड पडलं. ढोलीतून साळुंक्यांची पिल्लं बाहेर सांडली, पंख न फुटलेली, चोची वासलेली. दुपारी गाई सवयीनं आल्या आणि जिथं सावली असायची तिथं उन्हात उभ्या राहिल्या.

"सांगतलं होतं नं आपन त्यायले," मालक पुटपुटले. मी मान डोलावली. मला हायसंही वाटलं.

आता त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते. दुसऱ्या झाडावर जा म्हणाले होते मी. त्या रानात तेवढं एकच झाड उरलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.