पडद्याकडे पाठ

सिनेमे काढणारे या देशात उदंड झाले, पाहणारे तर त्याहून उदंड, पण सिनेमाकडे पाठ करून सिनेमाचं भविष्य सांगणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी मूळचा साताऱ्याकडचा, बदलीने नागपुरात आलेला. मुलीचे मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, नंदनवनात स्वतःचं घर आहे, मामी प्रेमळ आहेत, एवढ्या चौकशीवर आमच्या घरच्यांचं समाधान झालं. लग्नानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी मामांनी आम्हा दोघांना सिनेमाला नेलं. मामी, बायको आणि मी मागच्या रांगेत, आणि मामा एकटेच सगळ्यांत पुढच्या रांगेत, कोपऱ्यात. एकत्र तिकिटं मिळाली नसतील, असं मी मनाशी धरलं. दिवे गेले, पडदा उजळला, आणि पहिल्या रांगेतला तो गोल चेहरा उलटा फिरला, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघू लागला. बघू लागला तो शेवटपर्यंत बघतच राहिला. मी घाबरून मामींकडे वळलो. त्यांनी मांडीवरचा मक्याच्या लाह्यांचा पुडा माझ्यापुढे केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पिक्चर पाहा जवाईबापू. ते आपल्याले पाहून राहिले."

मामांची अख्खी नोकरी पारशिवनीच्या बाजूला, पेंचच्या कालव्यावर गेली. कुठल्या चारीत किती पाणी सोडलं, ते पुढे कुठवर पोचलं, हे मोजणं त्यांचं काम. तिथून त्यांनी एक तत्त्व घरी आणलं होतं. "पाण्याकडे पाहून पाणी समजत नाही," ते मला म्हणाले, "काठाकडे पाहा लागते. काठ कुठवर ओला झाला, ते पाहाचं." सिनेमालाही त्यांनी हाच न्याय लावला होता. पडदा सगळ्यांना सारखाच दिसतो, मग त्यात पाहायचं काय? तो पब्लिकवर कुठवर चढला, ते पाहायचं. कोट्यवधींचे आकडे वर्तमानपत्रात येतात त्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे सिनेमाच्या फक्त पाच पातळ्या होत्या: टाच, टोंगळा, म्हणजे आपला गुडघा, कंबर, गळा आणि सर्वांत वर डोक्यावरून. शुक्रवारी पहिल्या खेळाच्या इंटरव्हलला मामा बाहेर येत, दारातच चष्मा पुसत, आणि समोरच्या पानठेल्यावर वाट बघत थांबलेल्या लोकांना एकच शब्द सांगत. सोमवारी तो खरा ठरलेला असे.

ही पातळी ते कशावरून काढत, हे शिकायचा मी दोन वर्षं प्रयत्न केला. लाह्या घेतलेला हात तोंडाकडे जाता जाता मध्येच थांबला तर ते चांगलं लक्षण. मोबाईलचे उजेड पेटू लागले तर वाईट. इंटरव्हलला माणूस पळत गेला आणि पळत आला तर कंबर, चालत आला तर टोंगळा, आणि समोसेवाल्यापाशी जावयाच्या नोकरीबद्दल बोलत उभा राहिला तर टाच. मी बापडा रविवारची परीक्षणं वाचणारा माणूस. दक्षिणेतून डब होऊन आलेल्या एका सिनेमाबद्दल मी मामांना ऐकवलं होतं की याची पटकथा ढिसाळ आहे, हा आठवडाभरही टिकत नाही. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "असन ढिसाळ," ते म्हणाले, "पण तिसऱ्या रांगेतला तो जाडा माणूस पाहिला का? पाय मोकळे करून बसला होता. चपला तिथंच ठेवून गेला गा तो! डोक्यावरून." तो सिनेमा किती आठवडे चालला, ते विचारू नका. मी त्यानंतर त्यांच्यासमोर पटकथा हा शब्द काढला नाही. उलट एका मोठ्या हिरोच्या सिनेमाला लोकांनी ढोलताशे लावले होते, पोस्टरला दुधाची आंघोळ घातली होती, आणि त्या गर्दीत उभं राहून मामा म्हणाले, "टाच." पोरं अंगावर धावून आली. मामींनी मध्ये पडून त्यांना सोडवलं आणि रिक्षात घातलं. सोमवारी त्या थेटरात झाडूवाला निवांत झाडत होता.

या धंद्यात अपमानही पुष्कळ झाले. अंधारात तीन तास आपल्या बायकोकडे कोणी टक लावून बघतोय, हे कुठल्या नवऱ्याला खपेल? असा एक नवरा मॅनेजरला घेऊनच आला. मॅनेजरने बॅटरीचा झोत मामांच्या तोंडावर मारला. मामा त्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, मी तुम्हालेही पाहून राहिलो होतो. तुम्ही तीनदा जांभई देली. वहिनी एकदाही नाही." मॅनेजर जरा घुटमळला, मग झोत खाली करून हळूच विचारता झाला, "मंग काका, कुठवर जाईन?" तेव्हापासून ती कोपऱ्यातली खुर्ची मामांच्या नावाचीच झाली. पुढे थेटरात उंच पाठींच्या मऊ खुर्च्या आल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली, हनुवटी पाठीवर पोचेना. मामा घरून उशी नेऊ लागले आणि खुर्चीत गुडघ्यांवर बसू लागले. टोंगळ्यापर्यंत चढणाऱ्या सिनेमांनी मामांचे टोंगळेच धरले, आणि शनिवारी घरभर बामाचा वास येई. पारशिवनीला त्यांच्या साडूंचं दुकान आहे. संक्रांतीच्या आधी साडूंचा फोन यायचाच, कारण कुठल्या हिरोच्या तोंडाचे पतंग भरायचे, ते मामाच सांगत. एका वर्षी साडूंनी स्वतःच्या अकलेने माल भरला. ते पतंग अजून त्यांच्या माळ्यावर आहेत.

आता मामींबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात सिनेमाचं खरं वेड असलेलं माणूस म्हणजे मामी. नायिकेची आई आजारी पडली की यांच्या डोळ्यांना धार. विनोद झाला की यांचं हसणं सगळ्यांच्या आधी, आणि असं मोकळं की शेजारचे लोक आधी मामींना हसत, मग विनोदाला. शुक्रवारची त्यांची साडी गुरुवारीच इस्त्री होऊन तयार असे. दोघं एकाच रिक्षाने जात, एकाच दाराने आत शिरत, आणि मग हे पुढे नि त्या मागे. लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, पण मामी आणि मामांनी एकमेकांशेजारी बसून सिनेमा पाहिलाय, असं कधी घडलं नव्हतं. मामींची नवऱ्याबद्दल तक्रार म्हणाल तर ही एकच. "साऱ्या बाया आपल्या माणसाच्या बाजूले बसतात," त्या म्हणत, "मीच काहून एकटी? एकदा तरी बसा ना." यावर मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाजूले बसलो तर मले तू कशी दिसशीन?" मामी हात झटकून स्वयंपाकघरात जात. मलाही ती पळवाटच वाटायची, आणि एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. मामा नुसते हसले.

ती पळवाट नव्हती, हे मला मागच्या वर्षी कळलं. एक विनोदी सिनेमा होता आणि आम्ही चौघं नेहमीच्या जागी होतो. थेटर खो खो हसत होतं, मामीही हसत होत्या. अर्धा तास झाला नसेल तोच मामा उठले, वाट काढत आमच्या रांगेत आले आणि मामींचा दंड धरून म्हणाले, "चाल, घरी जाऊ." मामी चिडल्या, मागचे लोक ओरडले, मला काही समजेना. बाहेर आल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तुमच्या मामी मागून हसून राहिल्या जवाईबापू. पब्लिक हसते, अन् मंग त्या हसतात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. तिले दिसून नाही राहिलं." मामींना विचारलं तर त्यांनी आधी उडवून लावलं, मग रिक्षात बसल्यावर कबूल केलं की बरेच महिने पडद्याच्या कडा काळ्या दिसतात आणि मधले चेहरे धूसर. घरच्यांना कशाला घोर लावायचा, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. शेजारी बसूनसुद्धा मला जे कळलं नव्हतं, ते मामांना चाळीस रांगांवरून कळलं. ते पब्लिक पाहत, पण आधी मामींना पाहत. कालव्यावर मोजपट्टीचा खांब असतो, तसा त्यांनी थेटरात मामींवर नजर ठेवून सगळा हिशेब मांडला होता. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, थेंब वेळेवर घालायचे, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मामांनी विचारलं, "अन् कुठवर उतरन?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. मामा पायऱ्या उतरताना रागावले होते. "एवढा शिकलेला माणूस, रोज डोळेच पाहते, अन् सांगता येत नाही म्हणते!" पण घरी येऊन त्यांनी घड्याळात थेंबांचे गजर लावले. मामींनी सिनेमा बंद केला. "आता नुसतं ऐकाले तिथं काहून जाचं? रेडिओ आहे ना घरी." मामी जाईनात म्हणून मामाही जाईनात. शुक्रवारी पानठेल्यावर लोक वाट बघून निघून जाऊ लागले. गुरुवारची इस्त्री बंद झाली. नंदनवनातल्या त्या घरात शुक्रवार फार लांबलचक झाला होता, आणि मामी पुन्हा कधी थेटरात बसतील असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं.

दिवाळीला वर्षातला सगळ्यांत मोठा सिनेमा लागला. पानठेलेवाला घरी येऊन गेला, साडूंचे दोन फोन झाले. मामांनी कोणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतः मामींची साडी इस्त्री केली, जराशी जाळलीही, आणि आम्हाला बोलावून घेतलं. चार तिकिटं होती, एकाच रांगेतली. मामी बसल्या, आणि मामा त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसले. पडद्याकडे तोंड करून. मामींनी त्यांचा हात चाचपून पाहिला आणि पदर तोंडाला लावला. सिनेमा सुरू झाला.

"काय होऊन राहिलं?" मामींनी विचारलं.

"एक माणूस आहे."

"हिरो आहे का?"

"असन. मिश्या आहेत."

"मंग?"

"घोड्यावर बसला."

"मंग?"

"मंग घोडा चालून राहिला."

"अहो, घोडा राहू द्या! त्या माणसाचं तोंड कसं आहे, ते सांगा ना."

मामा खुर्चीत पुढे सरकले. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना आपलं काम सापडलं. तोंडं वाचण्यात तर त्यांनी जन्म घालवला होता. "रडू आलं आहे त्याले," ते सांगू लागले, "पण बायकोसमोर दाखवून नाही राहिला. बायकोले समजलं. ती मुद्दाम दुसरीकडे पाहते." मागून कोणीतरी "काका, हळू" म्हणालं. मामांनी आवाज कमी केला, पण थांबले नाहीत. इंटरव्हलनंतर पुढच्या रांगेतली दोन माणसं मागे रेलून त्यांचंच ऐकत होती. मी सिनेमा पाहिलाच नाही, मी या दोघांना पाहत होतो. मामींचा लाह्यांचा हात तोंडाशी थांबला होता. एका विनोदाला मामा एवढे जोरात हसले की त्यांना पुढचं सांगता येईना, आणि मामी "सांगा ना, सांगा ना" म्हणत त्यांच्या हसण्यालाच हसत सुटल्या. शेवटी नायक मेला तेव्हा मामांनी काही सांगितलं नाही. ते नुसतेच नाक ओढत राहिले, आणि मामींना कळलं.

बाहेर पानठेलेवाल्यासकट आठ-दहा लोक मामांना घेरून उभे राहिले. "काका, कुठवर?"

मामांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. "मले काहून विचारता?" ते म्हणाले. "मी पिक्चर पाहून राहिलो होतो ना गा."

गाडीपाशी आल्यावर बायकोने मला कोपराने ढोसलं. मामांच्या पायात चपला नव्हत्या. मी परत आत जाऊन खुर्चीखालून त्या घेऊन आलो.

मामांची विद्या त्या दिवशी गेली ती गेली. आता प्रत्येक शुक्रवारी दोघं शेजारी बसतात, आणि प्रत्येक सिनेमा डोक्यावरूनच जाणार, असं मामांचं ठाम मत असतं. सोमवारी त्यांचे चारातले तीन सिनेमे सपशेल पडतात. पानठेल्यावर त्यांना आता कोणी विचारत नाही, आणि साडूंच्या माळ्यावर पतंगांना जागा उरलेली नाही. जुनं काही चुकल्यासारखं वाटतं का, असं मी एकदा विचारलं. "काठावर उभं राहून लय मोजलं जवाईबापू," ते म्हणाले, "पाण्यात उतरलं की नाही मोजता येत." तेवढ्यात गजर झाला. मामा थेंबांची बाटली घेऊन आत गेले, मामींची मान मागे करून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला, आणि साडेतीनच्या खेळाला उशीर होतो म्हणून दोघं घाईने निघाले. गेल्या महिन्यात मामी म्हणत होत्या की काळी कड थोडी आत आली आहे. अजून किती शुक्रवार त्यांना पडदा दिसेल, हे सांगू शकणारा एकच माणूस नागपुरात होता, आणि तो आता सांगत नाही.